कन्सल्टंट पाहिजे

बँकेत काम करणाऱ्या माणसाला सगळं कळतं, असा आमच्या वाशीम जिल्ह्यात एक जुना आणि गोड गैरसमज आहे. तूर आत्ता विकावी की दिवाळीनंतर, गुडघेदुखीला अकोल्याचा डॉक्टर बरा की नागपूरचा, पोरीला कोणत्या घरी द्यावी, हे सगळं लोक मला काउंटरच्या काचेखालून विचारतात. पासबुक भरून द्यायला पाच मिनिटं उशीर झाला, की मात्र तेच लोक 'याला काही कळत नाही' असं एकमेकांना सांगतात. यातलं दुसरं मत जास्त बरोबर आहे. मी साधा लिपिक. बी. कॉम., सेकंड क्लास. १ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यापासून तुटून स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच सुमारास मीही पदवीधर होऊन वडिलांच्या खिशापासून तुटलो. त्यानंतर जिल्ह्याचा आणि माझा विकास साधारण सारख्याच गतीनं झाला. २०१८ साली केंद्र सरकारनं वाशीमला 'आकांक्षित जिल्हा' केलं. २०२४ च्या वेतनकरारानं मला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' केलं. जिल्ह्याच्या आकांक्षा त्याच आहेत आणि माझं काउंटरही तेच आहे.

नाव बदलण्याचा विषय मुद्दामच काढला. ज्याला आम्ही लहानपणी 'दलाल' म्हणत होतो, मग 'एजंट' म्हणू लागलो, तो इसम आता 'अ‍ॅडमिशन कन्सल्टंट' झाला आहे. माझा या इसमावर राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लेखात निःपक्षपातीपणा शोधण्यात वाचकांचा वेळ जाणार नाही.

रेणू माझी भाची, थोरल्या ताईची मुलगी. ताईला रिसोड तालुक्यात दिलेली. भाऊजींची सात एकर कोरडवाहू; सोयाबीन आणि त्यात तूर. पोरगी वाशीमला राहून बी. कॉम. झाली, आणि मामाच्या घराण्याची परंपरा मोडून फर्स्ट क्लासात झाली. एके दिवशी भाऊजी मोटरसायकल बँकेसमोर लावून थेट माझ्या काउंटरशी आले.

"मॅनेजर, पोट्टी यमबीये करतो म्हणून राह्यली. म्हंजे काय होते त्यानं?"

भाऊजी मला वीस वर्षांपासून 'मॅनेजर' म्हणतात. एकदा हे आमच्या खऱ्या मॅनेजरांनी ऐकलं आणि त्या महिन्यातली माझी रजा नामंजूर झाली.

"एम. बी. ए. झाली की मोठी मॅनेजर होते," मी हळू आवाजात सांगितलं.

"तुमच्यावानी?"

"माझ्यापेक्षा मोठी."

"मंग होऊ द्या," भाऊजी म्हणाले.

एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण मला सगळं कळतं ना! मी म्हणालो, "आजकाल हे असं आपलं आपण करत नाहीत भाऊजी. त्यासाठी कन्सल्टंट असतो. आपण एखादा चांगलासा पाहू." पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या वाक्यानं झाली, हे कबूल केलंच पाहिजे.

माझ्या वेळी कन्सल्टंट नव्हता असं नाही. कॉलेजच्या हपिसाबाहेर स्टुलावर एक शिपाई बसायचा. तो फॉर्म द्यायचा आणि "इथं सही करा, इथं बापाची घ्या, फोटो खळीनं चिकटवा, टाचणी नका मारू" असा संपूर्ण सल्ला द्यायचा. फी एक कट चहा. त्या माणसानं सबंध तालुका पदवीधर केला आणि मिशीत एकदाही 'करिअर' हा शब्द उच्चारला नाही.

तर आम्ही कन्सल्टंट पाहायला निघालो. पाहण्याच्या कार्यक्रमात आपला समाज कोणाला हार जाणारा नाही. मुलगा पाहायचा तर त्याचा मामा कुठला, वावर किती, विहिरीला पाणी किती महिने टिकतं, पगारपत्रक खरं की झेरॉक्स, इथपर्यंत चौकशी होते. कन्सल्टंटच्या बाबतीत मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, "काम होईल ना?" आणि तो म्हणतो, "होईल." संपला कार्यक्रम.

पहिला कन्सल्टंट वाशीमचाच. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरचा जिना चढून गेलो तर आत काच, काचेच्या आत ए. सी. आणि ए. सी.खाली टाय लावलेला सव्वीस वर्षांचा तरुण. पाटीवर एम. बी. ए., परदेशातलं एम. बी. बी. एस., डी. फार्म., पासपोर्ट आणि पॅन कार्ड अशी व्यासंगाची व्याप्ती लिहिलेली. भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांचे बावीस फोटो. त्यातल्या तिसऱ्या ओळीतला चष्मेवाला मुलगा मी अकोल्याच्या बसस्टँडवर दुसऱ्याच एका संस्थेच्या फ्लेक्सवर पाहिला होता. मुलगा फार हुशार असला पाहिजे. दोन ठिकाणांहून यशस्वी झाला.

"सीईटी-बीईटीची कटकट कशाला करता काका?" तरुण म्हणाला. "डायरेक्ट सीट. मॅनेजमेंट कोटा. आपलं सेटिंग आहे."

'सेटिंग' या शब्दाचा इतका आदरपूर्वक उच्चार मी कोणाच्या तोंडी ऐकला नव्हता. आमच्याकडे लोक बालाजीचं नावही इतक्या भक्तीनं घेत नाहीत. त्यानं पुढे सांगितलं, की दोन वर्षांची फी साडेतीन लाख, आयआयएममध्येसुद्धा 'आपला माणूस' आहे पण तिथं जरा वेळ लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "आमची फी शून्य! एक रुपया घेत नाही आम्ही."

मी भारावलो. भाऊजी भारावले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "आडत्या बी फुकट नाई राहत बाप्पा. मंग तुमाले पैशे कोन देते?"

"कॉलेज देतं ना काका, पर सीट!" तरुण अभिमानानं म्हणाला.

जिना उतरताना भाऊजी गप्प होते. खाली आल्यावर एवढंच बोलले, "म्हंजे पोट्टी त्याचा माल होय, अन् गिऱ्हाईक कॉलेज."

मी कॉमर्स ग्रॅज्युएट. कॉस्टिंग, ऑडिटिंग, बिझनेस लॉ असं सगळं तीन वर्षं शिकलो. पण ही जमाखर्चाची नोंद मला करता आली नाही, ती सात एकरवाल्यानं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर केली. त्याचं कारण असं, की दलाल म्हणजे काय हे आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बाजार समितीत अडत किती टक्के, हमाली किती, तोलाई किती, हे नियमानं ठरलेलं असतं. हिशोबपट्टी हातात मिळते. अडत्याकडे परवाना असतो, आणि त्यानं लबाडी केली तर भांडायला समितीचं ऑफिस असतं. गुरांच्या बाजारातला दलाल उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतो. पण तिथंही त्याचा दुसरा हात कोणाच्या हातात आहे हे बाजारातल्या सगळ्यांना दिसत असतं. कन्सल्टंटचं उपरणं भलतंच मोठं आहे, एका टोकाला आपण असतो आणि दुसरं टोक पुण्या-बंगलोरच्या एखाद्या कॉलेजच्या 'आउटरीच डिपार्टमेंट'मध्ये असतं. वर आपल्याला सांगतात, हा मार्गदर्शक आहे, याला सर म्हणा.

आता कोणी म्हणेल, तुम्ही मागासलेल्या जिल्ह्यातले, म्हणून तुम्हाला असे लोक भेटतात. तर महाराज, हा धंदा साता समुद्रापलीकडेही असाच आहे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत विल्यम रिक सिंगर नावाच्या एका प्रवेश-सल्लागाराचं प्रकरण उघडकीला आलं. बिझनेस स्कूलं नव्हेत, साधी पदवीची कॉलेजं, पण नामांकित. त्या गृहस्थांचं तत्त्वज्ञान असं, की कॉलेजला तीन दारं असतात. पुढच्या दारानं मूल आपल्या अकलेनं जातं. मागच्या दारानं बापाच्या देणगीनं जातं, पण त्याची खात्री नसते. आणि 'बाजूचं दार' तो स्वतः उघडून देणार, ते खात्रीचं. या बाजूच्या दारातून त्यानं कधी पाण्यात न उतरलेली पोरं वॉटरपोलो खेळाडू म्हणून आत सोडली आणि परीक्षेचे पेपर दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतले. पन्नास माणसांवर आरोप ठेवले गेले. त्यात सिनेमातल्या नट्या होत्या, बडे वकील होते, कंपन्यांचे अधिकारी होते. जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे सेटिंग हा शब्द आमचा असला तरी माल आंतरराष्ट्रीय आहे.

इकडे आपल्या सरकारचं काय? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रँकची हमी द्यायची नाही, खोट्या जाहिराती करायच्या नाहीत, फीची पावती द्यायची, वगैरे फार चांगल्या सूचना आहेत. मी उत्साहानं वाचायला घेतल्या. सुरुवातीलाच व्याख्या आहे. कोचिंग म्हणजे काय ते सांगून पुढे म्हटलंय, की यात समुपदेशन, क्रीडा, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील गोष्टी येत नाहीत. म्हणजे 'कौन्सेलिंग' करणारा माणूस सरकारी हिशेबात लावणीच्या आणि नाटकाच्या रांगेत बसला. वर्गीकरणाला माझी हरकत नाही. जिन्यावरच्या त्या तरुणाचा अभिनय मी पाहिलाच होता. पण नियम लागू होईना ना!

हे सगळं मला नंतर कळलं. आणि कळवलं कोणी, तर रेणूनं. मी बँकेत असल्यामुळे परिपत्रक वाचण्याची सवय मला नाही, ते फक्त सही करून फिरवायचं असतं. पोरीनं मात्र सीईटी सेलचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तिचं म्हणणं असं:

महाराष्ट्रात एम. बी. ए.ची सीईटी होते, तिचे गुण लागतात, गुणांची यादी संकेतस्थळावर लागते. मग आपण कॉलेजांचे पर्याय आवडीच्या क्रमानं भरायचे, आणि यंत्र गुणवत्तेप्रमाणे जागा देतं. या सबंध प्रकारात निबंध नाही, मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजची यादी कितीवर थांबली, हे तिथंच छापलेलं असतं. कोणत्या कॉलेजला किती फी घेण्याची परवानगी आहे, ते शुल्क नियामक प्राधिकरण सांगतं. ज्याला जिन्यावरचे साहेब 'मॅनेजमेंट कोटा' म्हणत होते, त्या संस्थास्तरावरच्या वीस टक्क्यांपर्यंतच्या जागासुद्धा २०१५ च्या कायद्याप्रमाणे गुणवत्तेनंच भरायच्या असतात. आणि देणगी घेऊन प्रवेश देऊ नये, असा कायदा तर राज्यात १९८७ पासून आहे.

"मग मामा, यात ते सर करणार काय?" रेणूनं विचारलं.

मी ऑडिटिंग शिकलेला माणूस. खूप विचार केला. सर काही करणार नव्हते. करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आम्हाला घाबरवणं, आणि ते काम त्यांनी चोख केलं होतं.

खरा बॉम्ब तिनं शेवटी ठेवला होता. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला, की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. अट अशी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंटच्या जागेवर नाही. भाऊजींचं उत्पन्न आठ लाख व्हायला त्यांना सोयाबीनऐवजी केशर पेरावं लागेल, आणि ओबीसीचे कागद तयार होते. म्हणजे ज्या पोरीला फी माफ होती, तिला साडेतीन लाखांची जागा देऊन, फीमाफीतून बाहेर काढून, वर त्या कॉलेजकडून 'पर सीट' घेण्याला मार्गदर्शन म्हणतात! फी शून्य होती ती त्याची, आणि आमची शून्य होऊ शकत होती ती तो साडेतीन लाख करणार होता.

इथं मी वाचकांना विचारतो, यावर राग येऊ नये तर कशावर यावा?

आणि इथंच शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही. माझ्या डोक्यात आलं, सीईटीचं काय सांगता येतं. एक-दोन खासगी विद्यापीठांचेही अर्ज भरून ठेवू. त्यांची परीक्षा वेगळी, आणि तिथं निबंध मागतात. त्याला म्हणतात 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. आपल्याला हे लिहिता यायचं नाही. तर पुण्याचे एक कन्सल्टंट गाठले, व्हिडिओ कॉलवर. मागं पुस्तकांचं कपाट, पुढं कॉफीचा मग, आवाज रेडिओवरच्या रात्रीच्या निवेदकासारखा. हे कॉलेजकडून घेत नव्हते, आपल्याकडूनच घेत होते, म्हणून मला प्रामाणिक वाटले. फी पस्तीस हजार. अर्धी आधी.

शैक्षणिक कर्जात कॉलेजची फी बसते, वसतिगृह बसतं, पुस्तकं बसतात, गरज असेल तर संगणकही बसतो. कन्सल्टंट बसत नाही. तो सोनेतारणात बसतो. ताईनं गळ्यातली एकदाणी काढून काउंटरवर ठेवली. आमचा बँकेचा सोनार ती कसोटीवर घासून, चष्मा वर करून म्हणाला, "चोख आहे." फॉर्मवर कर्जाचा उद्देश लिहावा लागतो. मी 'शेती' लिहिलं. पंधरा-सतरा वर्षांत हजारो सोनेतारणं हातांखालून गेली, पण फॉर्म भरताना समोरच्या बाईकडे पाहायचं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

पंधरा दिवसांनी स्टेटमेंट आलं. इंग्रजी असं, की मी दोन वेळा डिक्शनरी काढली आणि तिसऱ्यांदा ताकही पिऊन पाहिलं. रविवारी रिसोडला गेलो. जेवणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वाचा बरं काय लिवलं त्यानं. मराठीत सांग बाई."

रेणू वाचून सांगू लागली. 'माझे वडील हे एक कृषी-उद्योजक असून त्यांच्या नेतृत्वाखाली आमचा कौटुंबिक व्यवसाय बहुविध पीक-क्षेत्रांत विस्तारला आहे. लहानपणापासून घरी होणाऱ्या व्यवसाय-धोरणाच्या चर्चांनी माझी जडणघडण केली. कॉलेजात असताना मी दोनशे ग्रामीण महिलांचे संघटन करून…'

भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "थांब. हा कोन माणूस होय?"

"तुम्हीच बाबा."

भाऊजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् माह्या वावरात डवरा हाकते, तो कोन मंग?"

कोणी हसलं नाही. ताई भांडी उचलून आत गेली. मला आयुष्यात खूप लोकांनी खूप बोलून घेतलं आहे. एकदा तर कॅश कमी भरल्यावरून मॅनेजरांनी सबंध शाखेसमोर बोलून घेतलं. पण भाऊजींच्या त्या एका वाक्याइतकं मला कधी काही लागलं नाही. सतरा हजार पाचशे रुपये देऊन मी माझ्या बहिणीच्या गळ्यातल्या सोन्यातून माझ्या भाचीला दुसरा बाप विकत आणून दिला होता.

रेणूनं कागद घडी करून ठेवला आणि आतून एक दोनशे पानी वही आणली. अकरावीपासून ती बापाच्या शेतीचा हिशोब लिहिते, हे मला माहीतच नव्हतं. बियाणं, फवारणी, निंदणाची मजुरी, गाडीभाडं, प्रत्येक पोत्याची पट्टी. त्यात तिनं एका पानावर तांबड्या पेनानं रेघ मारली होती. आमच्या नेहमीच्या ठिकाणी ओलाव्याच्या नावाखाली पोत्यामागं कडता जास्त कापला जात होता. दोन हंगामांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. तिनं बापाला सांगितलं, बापानं अडत्या बदलला. पुढच्या हंगामाच्या पानावर कडता खाली आलेला दिसत होता. बारावीतली पोरगी!

"हे का नाही सांगितलंस पुण्याच्या सरांना?"

"सांगितलं होतं मामा. ते म्हणाले, हे फार लोकल आहे."

मॅनेजमेंट म्हणजे काय, हे शिकवायला आपल्याकडे अहमदाबादला आणि कलकत्त्याला १९६१ पासून संस्था आहेत. २०१५ पासून आमच्या नागपुरातही आहे, समृद्धी महामार्गानं जा. तिथले प्राध्यापक हिवाळा-उन्हाळा केस स्टडी शिकवतात असं ऐकतो. आणि जिच्याजवळ स्वतःची, खरी, तांबड्या रेघेची केस आहे, तिला सल्लागार सांगतो की ती पुसून टाक आणि त्या जागी दोनशे काल्पनिक महिला बसव. का, तर त्याच्याकडे तो साचा तयार आहे. मागच्या वर्षी एकशे पन्नास महिला असतील, पुढच्या वर्षी अडीचशे होतील. सगळी पोरं एकाच साच्यातून निघाली, की मुलाखतीला बसलेल्या माणसानं निवडायचं कोणाला? आणि मुलाखतीत त्यानं विचारलं, की बाई, त्या दोनशे जणींपैकी एकीचं नाव सांगा, तर कन्सल्टंट काय टेबलाखालून उत्तर देणार आहे?

सरसकट सगळ्यांना एका मापानं मोजू नये, हे मलाही कळतं. अकोल्यात एक निवृत्त प्राध्यापक भेटले. तासाप्रमाणे पैसे घेतात, पावती देतात, कॉलेजकडून काही घेत नाहीत. त्यांनी रेणूची वही चाळली, आणि म्हणाले, "हिला माझी गरज नाही. हेच साध्या इंग्रजीत लिही, चुका मी तपासून देतो." अर्ध्या तासाचे तीनशे रुपये. त्यांच्याकडे ए. सी. नाही आणि गर्दीही नाही. सल्लागार पाहायचाच असेल तर मी आता एवढंच पाहतो: त्याला पैसे कोण देतं, पावती देतो का, आणि आजवर किती जणांना 'तुम्हाला माझी गरज नाही' म्हणाला. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचा फोन कट होतो. रेंज नसते म्हणतात.

पण खरं भांडण माझं त्यांच्याशी आहे तितकंच आपल्याशीही आहे. आपल्याला सरळ दार दिसलं की संशय येतो. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, तेव्हापासून 'देणगी किती' हा प्रश्न आपल्या तोंडी असा बसला, की देणगी नको म्हटलं तर जागा खोटी वाटते. यादी संकेतस्थळावर उघड लागते, तिच्यात कोणाचा मामा नसतो, हेच आपल्याला पटत नाही. पोरीनं स्वतः फॉर्म भरला तर 'चुकलं काही तर?' म्हणून आपली झोप उडते, आणि अनोळखी टायवाल्याला ओरिजिनल मार्कशिटा देऊन आलो की गाढ झोप लागते. मी स्वतः सोनेतारणाचा फॉर्म भरला, म्हणून हे अधिकारानं बोलतो.

रेणूनं सीईटी दिली. कागदांसाठी जी धावपळ झाली ती मात्र खरी. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत पाहायची, जात पडताळणीची प्रत शोधायची, सेतूत रांग लावायची. इथं खरोखर माणसाची मदत लागते, आणि इथं एकही कन्सल्टंट फिरकत नाही. ती मदत तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्या एका म्हाताऱ्यानं केली. फी एक कट चहा. मला एकदम आमचा स्टुलावरचा शिपाई आठवला.

पर्याय भरण्याच्या रात्री मात्र घरात यादवी झाली. मी म्हणालो, जिथं मिळण्याची शक्यता आहे ते कॉलेज आधी टाक. ती म्हणाली, "नाही मामा, जे सगळ्यात हवं ते आधी. पहिला पर्याय मिळाला की तो पक्का होतो, मग बदलता येत नाही." पुन्हा माहितीपत्रक. पुन्हा मी गप्प. भाऊजी म्हणाले, "मॅनेजर, तुमी आता झोपा."

पुण्यातलं एक चांगलं कॉलेज मिळालं, तिसऱ्या पर्यायाचं. फी माफ झाली. वसतिगृहाचं आणि खाणावळीचं कर्ज आमच्याच शाखेनं केलं, आणि त्या फाइलवर उद्देशाच्या रकान्यात मी जे लिहिलं ते अक्षरशः खरं होतं. पुण्याच्या सरांनी उरलेली अर्धी फी मागायला चार फोन केले. पाचवा भाऊजींनी घेतला आणि सांगितलं, "हव, मीच कृषी-उद्योजक. आता फवारणीवर हावो, रात्री बोला."

मागच्या महिन्यात वाशीममधून जाताना पाटणी चौकाच्या अलीकडे स्कूटर थांबवली. मोबाइलच्या दुकानावर नवा फ्लेक्स लागला होता. 'आमचे यशस्वी विद्यार्थी.' पहिल्या ओळीत, चष्मेवाल्याच्या शेजारी, रेणू. सीईटीच्या फॉर्मवरचा फोटो. तो त्यांच्याकडे कसा गेला, तर चौकशीच्या दिवशी आम्हीच एक प्रत टेबलावर ठेवून आलो होतो.

मी तरातरा जिना चढून गेलो. तरुणानं उठून खुर्ची दिली.

"आमच्या पोरीचा फोटो कोणाला विचारून लावला?"

"काका, त्या आपल्याकडे आल्या होत्या ना? आपण त्यांना डायरेक्ट सीट सांगितली. त्यांनी घेतली नाही. पण सल्ला तर आपणच दिला!"

मी त्याला शिक्षण मंत्रालय, ग्राहक कायदा, पोलीस स्टेशन असं सगळं क्रमानं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "उतरवतो काका, पण लावणारा पोरगा सोमवारी येतो."

खाली आलो तर भाऊजी. बाजार समितीत पट्टी घ्यायला आले होते, फ्लेक्ससमोर मोटरसायकल उभी करून वर पाहत होते.

"भाऊजी, सोमवारी उतरवायला लावतो. बघतोच मी त्याच्याकडे."

"उतरवा," भाऊजी म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "पन मंगळवारी उतरवा. सोमवारी तुमच्या ताईले बजाराले आनतो. पाहू दे तिले बी."